तुझा स्वेटर आतून घालते

रेकयाविक, आइसलँड, १४ डिसेंबर

प्रिय आई,
सा. न.

दर फोनला तू विचारतेस, "स्वेटर घालतेस ना?" आणि मी नुसतं "हो गं" म्हणते. आज नीट सांगते. रोज घालते, पण आतून.

इथे सव्वाअकराला उजाडतं, साडेतीनला मावळतं. पारा शून्याच्या आसपासच असतो, पण वारा हाडात शिरतो आणि पाऊस आडवा येतो. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक. नोव्हेंबरात तुझा स्वेटर भिजला आणि बसस्टॉपवर मी थडथड कापत होते. ते बघून शेजारच्या आजींनी त्यांचा जुना लोपापेइसा दिला, म्हणजे इथला लोकरी स्वेटर.

इथल्या मेंढीची लोकर दोन थरांची. वरचे केस लांब, राठ. पाणी त्यांच्यावरून ओघळतं. खालची लव मऊ, ती ऊब धरते. दोन्ही मिळून, फारसा पीळ न देता धागा करतात, तो लोपी. भुरभुर पावसात बाहीवर थेंब दवासारखे बसून राहतात, झटकले की गेले. ओलसर झाला तरी अंग गार पडत नाही. मात्र मानेला टोचतो, म्हणून आत तुझा मऊ स्वेटर.

आजींनी तुझा स्वेटर हातात घेतला तो आधी उलटा केला. धाग्यांची टोकं कुठे दडवलीस ते बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "आईचा हात सुरेख आहे." मला भरूनच आलं गं.

आणि ऐक, लोपापेइसाला शिवणच नाही! अंग आणि बाह्या गोल सुईवर नळीसारख्या विणतात, काखेपाशी तिन्ही एका सुईवर घेतात आणि टाके कमी करत गळ्यापर्यंत जातात. खांद्याभोवती गोल नक्षी. बॉर्डर सोडली तर सगळे सुलट टाके. मागचा रंगीत धागा तेवढा सैल सोडायचा, ओढला की नक्षी आक्रसते. धुवायचा कोमट पाण्यात, हाताने. वाळवायचा आडवा पसरून. दोरीवर टाकलास तर लोंबेल.

फेब्रुवारीत येताना लोपीचे सहा-सात गुंडे आणि गोल सुई आणते. बाबा पहाटे फिरायला जातात, त्यांच्यासाठी विण. त्यांच्या छातीचं आणि बाहीचं माप लगेच कळव. माप शर्टावरून घे, जुन्या जर्सीवरून नको.

बाबांना नमस्कार.

तुझी,
सोनू