मंजू, गोधडी विकायची तर

महाल, नागपूर

प्रिय मंजू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा नीट लिहावंसं वाटलं. फोटो टाकला की सगळे 'मस्त', 'सुंदर' लिहितात, पण गोधडी कोणी घेत नाही, म्हणून तू इन्स्टाग्राम बंद करायला निघालीस. नको गं, इतक्यात नको. तू दिलेली गोधडी आमचा धाकटा अजून रोज रात्री मागून घेतो. तुझ्या धावदोऱ्यात काही कमी नाही. पण 'मस्त' लिहिणाऱ्या आपल्याच मावश्या, नणंदा आणि शाळेतल्या मैत्रिणी आहेत, आणि त्यांच्या घरी गोधड्यांचे ढीग आहेत. ज्याला गोधडी हवी आहे त्याच्यापर्यंत ती अजून पोचलीच नाही.

आमच्या लाकडी बैलांचं सांगते. इथे महालात, इतवारीत तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या आधी गल्लोगल्ली बैल मिळतात. मग आमचा बैल कोण ऑनलाइन मागवणार? मागवतात ते पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला गेलेले आपले लोक. त्यांच्या पोरांना सोसायटीत बैल ओढत फिरायचं असतं आणि तिथे तो मिळत नाही. हे लक्षात आलं तेव्हापासून मी सगळ्या जगासाठी लिहिणं सोडलं आणि त्या आईबापांसाठी लिहू लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं बैल घेऊन दारोदारी जातात, त्यांना बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात, दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात, एवढं पोस्टमध्ये असतंच. तुला-मला हे सांगावं लागत नाही, पण तिकडच्या शेजाऱ्यांना सांगायला त्यांना ते उपयोगी पडतं. ते लोक ती पोस्ट आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, आणि एका घराच्या मागोमाग दुसऱ्या घराची ऑर्डर येते.

तुझी गोधडी कोणाला हवी आहे, याचा असाच विचार कर. मला दोन जण दिसतात. एक, बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी. दुसरी, जिची आई किंवा आजी गेली आणि कपाटात तिची लुगडी घडी करून ठेवलेली आहेत, टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत. तू लुगडी मागवून घेऊन त्यांची गोधडी शिवून देतेस, हे तुझ्या पानावर कुठेच लिहिलेलं नाही! मंजू, हे तर सगळ्यात वर लिहायला हवं. असं काम यंत्रावर शिवलेल्या रजईच्या दुकानात होत नाही.

व्हिडिओत शिवलेली गोधडी आधी दाखव, पुरती पसरलेली. लोक पहिल्या दोन-तीन सेकंदांतच थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतात. मग तुझे हात दाखव. थर कसे लावतेस, कडेकडेने फिरत टाका आतपर्यंत कसा नेतेस, ते. वर गाणं लावायची गरज नाही. तसंही बिझनेस खात्याला बरीच गाणी मिळतच नाहीत. आमच्या व्हिडिओत घुंगरांचा आणि चाकांचा आवाज असतो आणि लोकांना तोच आवडतो. फोटो सकाळी उन्हं चढायच्या आत काढ. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात मरून रंगसुद्धा फिका दिसतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, फोटोतला रंग वेगळा होता.

आणि किंमत लिही! 'किंमत इनबॉक्समध्ये' वाचलं की अर्धे लोक तिथूनच परत जातात. विचारायला लाज वाटते गं माणसाला. लांबी, रुंदी, किती थर, धुवायची कशी, शिवायला किती दिवस लागतील, सगळं उघड लिही. 'एवढी महाग?' असं कोणी लिहिलंच तर वाद घालू नको. किती दिवसांचं हातकाम आहे ते एका ओळीत सांग आणि तुझ्या कामाला लाग. त्या माणसाला पटो न पटो, बाकीचे ती ओळ वाचत असतात.

खरी विक्री मात्र व्हॉट्सॲपवर होते. बिझनेस ॲप घे, त्यात कॅटलॉग करता येतो. एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी टाक, 'नंबर सेव्ह करा, नवीन गोधड्या दाखवीन' म्हणून. स्टेटस २४ तासांत जातं, तेव्हा चांगला फोटो पानावरही ठेव.

जाहिरातीला पैसे घालायचे तर थोडे घाल, आणि शहर निवडून घाल. आम्ही पोळ्याच्या बरेच आधी, आषाढातच सुरुवात करतो, कारण बैल कुरिअरने पोचायला आणि कोणाचं शिंग तुटलंच तर दुसरा पाठवायला हाताशी वेळ लागतो. तुझा हंगाम दिवाळीनंतरच्या थंडीचा. दसऱ्यापासून दिसायला लाग.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. मोठी ऑर्डर देतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हणालं तर फोन ठेवून दे. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुझ्या खात्यातून जातात. ही पद्धत आपल्यासारख्या घरून विकणाऱ्या बायकांवर फार वापरतात, आणि मला त्याचा फार राग येतो.

रविवारी वर्ध्याहून सकाळच्या गाडीने ये. आमच्या गच्चीवर फोटो काढू, कॅटलॉगही तिथेच भरून टाकू. ठिगळांची एक आणि लुगड्यांची एक, अशा दोन्ही गोधड्या आण. किंमत घरूनच ठरवून ये. इथे आल्यावर मी ती कमी करू देणार नाही.

तुझी,
वंदना