निष्काम सेवा : सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार.

रोज एकच सेवा ठरवा, तीही पंधरा-वीस मिनिटांत पुरी होईल अशी. सुरुवातीच्या उत्साहात तीन-चार कामे अंगावर घेतली की घरची कामे तुंबतात, चिडचिड होते आणि ती नेमकी ज्याची सेवा करायची त्याच्यावर निघते. घरातल्या आजारी माणसाचे करणे ही सेवाच आहे. ती टाळून बाहेर धावू नये.

काम हाती घेताना मनात ईश्वराला अर्पण करा (गीता ९.२७) आणि संपल्यावर त्याच्या फळाची आशा सोडून द्या. ती सुटली की नाही, याची खूण सोपी आहे : समोरच्याने आभार मानले नाहीत आणि ते संध्याकाळपर्यंत टोचत राहिले, तर फळाची आशा अजून आहे. पण म्हणून सेवा थांबवू नका. दुसऱ्या दिवशी कुणाच्या नजरेत न येणारे काम घ्या : भांडी घासणे, चपला लावणे, स्वच्छतागृह धुणे.

फळ सोडणे म्हणजे दर्जा सोडणे नव्हे. भांडे तेलकट राहिले तर पुन्हा घासायचेच.

मदतीआधी विचारा. वृद्धांना उठवताना दंड धरून ओढू नका, खांद्याला इजा होते. आपला हात पुढे करा, त्यांना धरू द्या. दानासाठी देश, काल, पात्र (ठिकाण, वेळ आणि घेणारी व्यक्ती) पाहावे असे गीता १७.२० मध्ये आहे, तेच इथेही लागू.

मदत घेणाऱ्यांचे फोटो गटावर टाकू नयेत. सेवेला येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवावे.