सरकणं म्हणजे नेमकं काय

मुलुंड,
रविवार दुपार

प्रिय सुमे,

हलणं आणि सरकणं यांत फरक काय, हा तुझ्या लेकीचा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. कोश काढणार होते, पण त्याआधी गाडीतच उत्तर मिळालं.

सकाळची ठाणा लोकल. तिघींच्या बाकावर मी कडेची. एक बाई समोर येऊन उभी राहिली आणि तोंडाने चकार शब्द न काढता तळहात आडवा हलवला. खिडकीवालीने पर्स मांडीवर घेतली, मधलीने अंग चोरलं, मी चार बोटं आत गेले. चौथीचं अर्धं बूड टेकलं. उठलं कोणीच नाही. हेच गं ते! टेकलेलं न उचलता जागा बदलायची, ते सरकणं. उठून पलीकडच्या बाकावर गेले असते तर ते सरकणं झालं नसतं.

पान हलतं, पाळणा हलतो, पण असतात तिथेच. पदर सरकतो, घड्याळाचा काटा सरकतो, पायाखालची वाळू सरकते. आईचा मणका दुखावला तेव्हा डॉक्टरही ‘सरकलाय’ म्हणाले. आणि बसचा कंडक्टर ‘पुढे चला, पुढे चला’ ओरडतो, तेव्हा त्या गर्दीत चालतं कोण? सरकतातच सगळे. (फाईलचं मात्र दोन्ही चालतं. ती हलतही नाही आणि सरकतही नाही.)

सरकणं ज्या संस्कृत ‘सृ’ (जाणे, वाहणे) धातूच्या कुळातलं, त्यातूनच सरिता आली, दिवस ‘सरतात’ तेही त्याच कुळातले. संसारसुद्धा! हे कळल्यावर मला हसूच आलं. आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंचं लोखंडी कपाट आजवर चारदा सरकवलंय. घराबाहेर काढायची कोणाची छाती नाही.

लेकीला व्याख्या पाठ करायला लावू नकोस. तिचा दुधाचा दात हलत होता, तेव्हा तिने दोरा बांधून ओढला होता, आठवतं? आता तार लावलीय ना? दात हिरडीत घट्ट बसलेलाच, तरी महिन्या-महिन्याला कणभर जागा सोडतोय. तो आता हलतोय की काय करतोय, ते तिलाच विचार आणि मला कळव.

मे महिन्यात ये. खाट एकच आहे, सरकून झोपू.

तुझी,
विजू