कंप्रेसरचा आवाज, जरा बघून घ्या

डॉक्टर मंडळी, परवा राजारामपुरीत माझ्या क्लिनिकच्या वरच्या काकू खाली आल्या, म्हणाल्या तुमचं ते मशीन सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात. बघितलं तर कंप्रेसरचे (हवा दाबून टाकीत भरणारं ते मशीन) रबरी पाय पार झिजलेले! जाड रबर पॅड टाकले, भिंतीला टेकलेल्या पाइपच्या जागी लवचिक होज लावला, निम्मा त्रास तिथंच गेला. सगळ्यांनी आपापलं तपासा. हवा न वापरता पण मोटर सारखी सुरू होत असेल तर लीकेज आहे, साबणाचं पाणी लावून बघा. आवाज कोंडायला कंप्रेसरभोवती पेटी करणार असाल तर हवा खेळती ठेवा, मोटर तापते. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० नंतर ४५, त्यामुळं घरी जाताना स्विच बंद करा, कंप्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी पण काढा (मीच विसरतो).