आधी बांधा, मग तापवा: पाइपवाल्या आप्पांना आभाराचं पत्र

आदरणीय आप्पा,
सा. न.

तुमचं काम केळीच्या बागेतले पाइप, आमचं काम 24 पट लहान मोटारींचे प्लास्टिकचे किट. तरी वाकडी चासी सरळ करायची खरी रीत तुमच्या एका वाक्यात निघाली: "आधी बांधा, मग तापवा, अन् गार झाल्याशिवाय सोडू नका, भो." त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय, म्हणजे जळगाव-धुळ्याकडच्या बाकी किटवाल्यांच्याही कामाला येईल.

बहुतेक जण याच्या बरोबर उलटं करतात. भाग तापवतात, हातात धरून वाकवतात, दोन मिनिटं समाधानी असतात. सकाळी पाहावं तर वाक परत आलेला. मुळात वाक येतो तो असा: कारखान्यात भाग साच्यातून पुरता गार न होता निघाला, किंवा त्याची जाड बाजू सावकाश आणि पातळ बाजू लवकर गार झाली, की ताण आतच अडकतो. त्यात डब्यांच्या थप्पीखाली, पत्र्याच्या खोलीत, आपल्याकडचा एक उन्हाळा काढला म्हणजे बघायलाच नको. (धाब्याच्या घरातले डबे त्या मानाने सुखी.)

तुमचं पीव्हीसी साधारण 80 अंशांना मऊ पडतं, आमचं पॉलिस्टायरीन 100 च्या आसपास. म्हणून उकळत्या पाण्यात बुडवायचा मोह होतो आणि तिथेच घात होतो. तिथे आतला सगळा ताण एकदम सुटतो. भाग आखडतो, पीळ खातो, कधी पातळ टोकं गोळा होतात. 65 ते 75 अंश पुरतात. थर्मामीटर नसेल तर दोन तांबे उकळतं पाणी आणि एक तांब्या साधं पाणी, भांड्यात ओतेपर्यंत तेवढंच उरतं. मे महिन्यात मात्र गच्चीच्या टाकीचं पाणी 'साधं' धरू नका, ते आधीच तापलेलं असतं. तुमची हीट गन तर पाइपालाच बरी. तिची हवा कित्येक शे अंशांची, दाराच्या रेघा क्षणात पुसल्या जातात.

आता बांधणं. चासी आधी काचेवर ठेवून एकेक कोपरा बोटाने दाबायचा. टकटक वाजला तो कोपरा उचललेला. फटीत झेरॉक्सचे कागद सरकवून मोजायचं, एक कागद साधारण 0.1 मिमी. दोन-तीन कागदांची फट असेल तर हात लावू नये, चाकं बसवताना ती जिरते. 0.5 मिमी मात्र खऱ्या गाडीवर 12 मिमी होते, ती नजरेला खुपते. वाकलेला भाग रनरपासून (सगळे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यापासून) कापूनच घ्यायचा, कारण पुष्कळदा वाकडा रनरच त्याला ओढून धरत असतो. मग तो ॲल्युमिनियमच्या अँगलवर सपाट बसवून सुती पट्टीने गुंडाळायचा. मास्किंग टेप गरम पाण्यात सुटते. रबर एकाच जागी आवळून खाच पाडतं. फुगीर बाजू वर आली तर दोन्ही टोकांखाली दुमडलेलं पोस्टकार्ड सरकवायचं, म्हणजे भाग सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जातो आणि थोडा मागे फिरला तरी बरोबर जागी थांबतो. पीळ असेल तर पोस्टकार्ड तिरप्या रेषेत समोरासमोर असलेल्या, खाली टेकलेल्या दोन कोपऱ्यांखाली. बांधताना प्लास्टिक पांढरं पडू लागलं तर तिथेच थांबायचं. उरलेला वाक दुसऱ्या खेपेला.

गरम पाण्यात पातळ भागाला एक मिनिट, चासीला दोन-तीन. बाहेर काढून तसाच बांधलेला माठातल्या पाण्यात पाच मिनिटं. सोडल्यावर रात्रभर काचेवर ठेवायचा आणि सकाळी पुन्हा कोपरे दाबायचे. नाही जमलं तर पाणी पाच अंशांनी वाढवायचं. वेळ वाढवून फार फरक पडत नाही.

बॉडीचं दुखणं वेगळं. दारांखालच्या कडा आत दबतात, मग चासी आत शिरत नाही. तिथे चासीच्या रुंदीचा लाकडी ठोकळा कापून दोन कडांमध्ये अडकवायचा आणि फक्त तेवढीच कड पाण्यात धरायची. छत आणि काचांच्या बाजूचे खांब पाण्याबाहेर, खांब सगळ्यात आधी मोडतात. काही जण हे सगळं टाळून वाकडी बॉडी जोर लावून सोल्यूशनने चिकटवतात. ताण आत तसाच राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात जोड उघडतो.

पारदर्शक काचा आणि क्रोमचे भाग मात्र या रीतीत बसत नाहीत. काचेला बारीक तडे जातात, क्रोमची चमक उतरते. ते वाकडे असले तर तसेच वापरायचे किंवा दुसरे मिळवायचे. आणि टायर! ते तुमच्या पाइपांच्या जातीचे, मऊ व्हिनाइलचे. त्यांतलं तेलकट द्रव्य पॉलिस्टायरीनला लागलं की भाग वितळल्यासारखा खड्डा पडतो, आणि उकाड्यात तर लवकरच. डबा उघडल्या दिवशी टायर वेगळ्या पिशवीत घालायचे.

तुमचा फूटभर अँगल अजून आमच्याकडेच आहे. त्यावर सध्या एक बंपर बांधलेला आहे, तो सुटला की आणून देतो.

आपले,
जळगावचे किटवाले