चौच्वांगचे पाणी आणि आपले घाट

महोदय,

चीनमधील चौच्वांग या कालव्यांवरील गावाची ओळख सीमाभागातील वाचकांना व्हावी, असे मनापासून वाटते. च्यांगसू प्रांतातील हे गाव 1086 मध्ये सोंग राजवटीत वसले. येथील फूआन पूल 1355 मध्ये बांधला गेला. येथील मिंग राजवटीच्या काळातील जोडपुलांपैकी एकाची कमान गोल, तर दुसऱ्याचा गाळा चौकोनी आहे. पांढऱ्या भिंती, करड्या कौलांची छपरे आणि दारापासून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या ही रचना मालवाहतूक होड्यांनी होत असल्यामुळेच घडली. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो चांग वाडा, कारण त्याच्या आवारातूनच ओढा वाहतो आणि होडी वळवण्यासाठी तिथे छोटे कुंडही बांधले आहे. शन घराण्याचा शंभराहून अधिक खोल्यांचा वाडा 1742 चा.

1980 च्या दशकात रस्तारुंदीच्या लाटेत हे सारे पुसले जाण्याची भीती होती. त्या वेळी नगररचनातज्ज्ञ र्वान ईसान यांनी जुने गाव तसेच राखून नवी वस्ती बाहेर उभारण्याचा आग्रह धरला. आपल्याकडचे जुने पाणकाठही असेच राखता यावेत, म्हणून बेळगावच्या किल्ल्याचा खंदक, संकेश्वरला हिरण्यकेशीचा काठ आणि खानापूरला मलप्रभेचा काठ यांची मोजमापे व आराखडे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून तातडीने करून घ्यावेत, अशी संबंधित पालिकांना कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, बेळगाव