आई-बाबा, डबल बेस घेतेय

कोथरूड, पुणे

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईने विचारलं, "घरात एक गिटार असताना आणखी एक कशाला?" आणि बाबांनी विचारलं, "केवढ्याला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर त्यांची उत्तरं अर्धवट राहिली असती, म्हणून सवडीने लिहितेय.

मी डबल बेस घेतेय. तुम्ही तो पाहिलेला आहे. जुन्या कृष्णधवल सिनेमातल्या क्लबच्या गाण्यांत मागे एक माणूस आपल्यापेक्षा उंच, भल्यामोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य कवेत धरून उभा असतो ना, तेच. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत ते वाजवणाऱ्यांमध्ये गोव्याचे वादक बरेच होते. व्हायोलिनच्या घराण्यातलं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खालच्या सुराचं वाद्य.

आई, आधी तुझा प्रश्न. माझ्या बेस गिटारला चार तारा आहेत, त्यालाही चारच. सूरही तेच, ई, ए, डी, जी, आणि सगळ्यात जाड तार दोन्हीकडे 41 हर्ट्झच्या आसपास बोलते. एवढं ऐकून कुणालाही वाटेल की एकच काम करणाऱ्या दोन वस्तू झाल्या. बेस गिटार निघालीच मुळी डबल बेसच्या अडचणींमधून. तो नेणं-आणणं जिकिरीचं, ढोल-ट्रंपेटच्या गलक्यात तो ऐकू येत नसे, आणि मानेवर सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नसल्यामुळे सुरात वाजवायला वर्षं जात. 1951 मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी पडदे असलेली, गळ्यात अडकवायची विजेवरची बेस बाजारात आणली आणि तिचं नावच प्रिसिजन ठेवलं, कारण पडद्यांमुळे सूर नेमका लागतो. म्हणजे लोक त्या वाद्याकडून या वाद्याकडे आले आणि मी उलट निघालेय. त्याचं कारण आवाज आहे.

बेस गिटारचा सूर पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून, आणि आवाज मोठा करणाऱ्या अँपमधून येतो. तार छेडली की तो बराच वेळ एकसारखा टिकतो. डबल बेसचा सूर अख्ख्या लाकडी पेटीतून येतो. बोट सुटताना आधी एक ठोका ऐकू येतो, मग सूर फुगतो आणि मग विरत जातो. संथ गाण्यात गाणाऱ्याच्या खाली असा सूर पडला की गाण्याला बसायला जागा मिळते. आमच्या बँडमध्ये आम्ही जॅझ आणि जुनी हिंदी गाणी वाजवतो. तिथे मी माझ्या गिटारवर तो विरणारा सूर आणायचा प्रयत्न करत आलेय, तळहाताने तारा दाबून, तारांखाली स्पंज घालून. जवळपास पोचता येतं, पण तेवढंच. आणि गज तर गिटारला लावताच येत नाही. डबल बेसवर गजाने एकच खालचा सूर लांबवला तर तो छातीत ऐकू येतो. बाबा, मिरजेत उरुसाच्या दिवसांत दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ सभा असते, तिथे तुम्ही मला शेजारी बसवून म्हणायचात, "आधी तंबोरे ऐक." खर्ज ऐकायची सवय मला तिथे लागली. मी आयुष्यभर बेसच का वाजवतेय, याचं हेही एक कारण आहे असं मला मनापासून वाटतं.

पडदे काढलेली बेस गिटार, किंवा पेटी नसलेला, नुसती दांडी असलेला इलेक्ट्रिक अपराइट, हे दोन पर्याय होते. दुसरा फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोयीचा, हेडफोन लावून वाजवता येतो. पण मला हवी आहे ती लाकडाची पेटीच, म्हणून दोन्ही सोडले.

आता बाबांचा प्रश्न. मी एकूण दीड लाख बाजूला काढलेत. त्यातले साधारण एक लाख दहा हजार वाद्याला आणि चाळीस हजार ते नीट लावून घ्यायला, तारांना आणि गजाला. हे चाळीस हजार तुम्हाला खटकणार, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहिते.

डबल बेस तीन तऱ्हांचे मिळतात. पहिला पूर्ण कोरीव: वरची तबली स्प्रूसच्या अखंड लाकडातून कोरलेली, पाठ आणि कडा मेपलच्या. आवाज उत्तम, पण किंमत माझ्या आवाक्याबाहेर, आणि हवेला फार नाजूक. दुसरा मिश्र: तबली कोरीव, बाकी प्लायवूड. तिसरा पूर्ण प्लायवूडचा. प्लायवूड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आपल्या स्वयंपाकघरातलं कपाट येईल. पण शिकागोच्या के कंपनीने 1930च्या दशकापासून प्लायवूडचे बेस मोठ्या संख्येने बनवले आणि त्यातले कितीतरी आजही रंगमंचावर वाजतायत. आडव्या-उभ्या थरांमुळे ते सहसा तडकत नाहीत. पुण्यात एप्रिलमध्ये ओठ फुटतात इतकी कोरडी हवा आणि जुलैत भिंतींना ओल. अशा हवेत कोरीव तबली सांभाळायची तर वर्षभर खोलीतली आर्द्रता मोजत बसावं लागेल. पहिलं वाद्य मला रोज हातात घ्यायचंय, त्याची शुश्रूषा करायची नाही. म्हणून प्लायवूड. मापात थ्री-फोर्थ. नावावरून लहान मुलांचं वाटतं, पण जगभर मोठी माणसंही बहुतेक हेच माप वाजवतात.

यापेक्षा निम्म्या किमतीतही नवेकोरे डबल बेस ऑनलाइन दिसतात. ते घेऊ नयेत असं माझं ठाम मत झालंय. त्यांची फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, बऱ्याचदा मऊ लाकडाला काळा रंग फासून केलेली असते, स्टीलच्या तारांनी तिच्यावर थोड्याच काळात चर पडतात. खुंट्यांची चाकं घसरतात. चार तारांचा मिळून ताण शंभर किलोहून जास्त असतो. जिथे मान धडाला जोडलेली असते तो सांधा कच्चा असेल तर या ताणाने मान हळूहळू पुढे येते, आणि ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

बाबा, सतारमेकर गल्लीत तुमची इतकी वर्षं उठबस आहे. तंबोरा कितीही जातिवंत भोपळ्याचा आणि लाकडाचा असो, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी नीट घासून निघाली नाही तर तो बोलत नाही, हे तुम्हीच मला दाखवलंत. डबल बेसचं तसंच आहे, फक्त काम एकाच ठिकाणी नसून चार-पाच ठिकाणी असतं. कारखान्यातून घोडी जाड आणि उंच येते. तिचे पाय तबलीच्या गोलाईवर कागदही शिरणार नाही असे घासून बसवावे लागतात, नाहीतर तारांची थरथर पेटीत उतरतच नाही. मग वरून घोडी उतरवायची. फिंगरबोर्डच्या टोकाशी बारीक 'जी' तार साधारण 6-7 मिलिमीटर आणि जाड 'ई' तार 9-10 मिलिमीटर उंच राहिली की बोटांना झेपते. न लावलेल्या वाद्यात तारा याहून कितीतरी उंच असतात. वरच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथल्या खाचा खोल कराव्या लागतात. फिंगरबोर्ड रंधून घ्यावी लागते, अगदी सरळ नाही, मध्ये किंचित खोलगट, म्हणजे तार कुठे भणभणत नाही.

आणि पेटीच्या आत एक लाकडी दांडा असतो, साउंडपोस्ट. घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या जरा मागे, तबली आणि पाठ यांच्या मध्ये तो नुसता उभा असतो. त्याला डिंक नाही, खिळा नाही, दाबावर उभा. अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला तरी आवाज बदलतो. म्हणून सगळ्या तारा एकदम कधी सैल करायच्या नाहीत, एकेक बदलायची. हे सगळं करणारा माणूस जाणकार हवा आणि त्याच्या कामाचे पैसे रोख द्यायला हवेत. व्हायोलिन-चेलोचं काम करणारे एक कारागीर मला भेटलेत, त्यांनी डबल बेसही लावलेले आहेत. ते घोडीच्या पायांत दोन फिरत्या चकत्या बसवून देणार आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगून तबली वर आली की तारा उंच होतात, तेव्हा चकत्या फिरवून घोडी खाली घ्यायची. उन्हाळ्यात उलट.

माझ्या डोळ्यांसमोर एक वाद्य आहे. लष्कर भागात एका निवृत्त वादकांकडे, चिनी बनावटीचा प्लायवूडचा थ्री-फोर्थ, ते नव्वद हजार म्हणतायत. फिंगरबोर्ड रोझवूडची आहे, रंगवलेली नाही. मानेच्या सांध्याला चीर नाही, डोळ्याजवळ बॅटरी धरून पाहिलं. तबली घोडीखाली खचलेली नाही. कडेकडेने बोटांच्या पेरांनी ठोकत गेले तेव्हा पाठीच्या खालच्या बाजूला एका जागी आवाज फुटका आला, तिथला जोड उघडलाय. याची मला काळजी वाटत नाही. हे जोड मुद्दाम अशा सरसाने चिकटवतात की लाकडावर ताण आला तर लाकूड फाटण्याआधी जोड सुटावा, आणि तो पुन्हा चिकटवता येतो. तारा गंजल्यात, त्या बदलायच्याच होत्या. घासाघीस फार करणार नाही. त्यांनी ते वाद्य जपलंय आणि विकताना त्यांना जड जातंय, हे दिसत होतं.

आई, तुला माझ्या हातांची काळजी वाटणार. बेस गिटारची तार 34 इंचांची असते, याची जवळपास 42 इंचांची. बोटं जास्त फाकतात, ताकद जास्त लागते. म्हणून याची बोटांची पद्धतच वेगळी आहे. खालच्या जागांवर पहिलं, मधलं आणि करंगळी अशी तीनच बोटं सूर धरतात, अनामिका करंगळीला आधार देते. एका बोटाला एक पडदा ही माझी गिटारची सवय इथे चालणार नाही, चालवली तर मनगट जाईल. जोर अंगठ्याने चिमटा काढून द्यायचा नाही, अख्ख्या हाताच्या वजनाने तार खाली आणायची. उजव्या हातालाही बोटाचं टोक न वापरता पहिल्या बोटाची कड लावायची आणि खांद्यापासून ओढायचं. हे मी कुणाकडे तरी समोर बसूनच शिकणार आहे. शिकवणीचे पैसे पगारातून जातील. तारा खाली आणून घेण्यावर मी एवढा भर देतेय तो याचसाठी. उंच तारांवर जिद्दीने वाजवून हात दुखावून घेतलेले वादक मी पाहिलेत.

जागेचं म्हणशील तर हॉलमधल्या खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात, जिथे ऊन येत नाही, तिथे तो कुशीवर निजवून ठेवता येईल. उभा टेकवून ठेवला आणि पडला तर मानच मोडते. आपल्या गुळगुळीत फरशीवर त्याचं टोक सरकतं, म्हणून रबरी बूच आणि खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा घेईन. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, संध्याकाळी आठपर्यंतच वाजवेन. रिक्षात तो बसणार नाही. हॅचबॅक गाडीत पुढची सीट पूर्ण मागे पाडली तर बसतो, आणि आमच्या ड्रमरकडे तशी गाडी आहे.

कार्यक्रमांत माझी गिटार सध्या तशीच राहील. डबल बेसवर पडदे नसताना डोळे मिटून सूर लागेपर्यंत मी तो लोकांसमोर नेणार नाही, आणि त्यासाठीचा पिकअपही तोवर घेणार नाही. तेवढे पैसे वाचतात.

बाबा, मुदत ठेव मोडू नका. आईने "माझ्या पाटल्या आहेत की" असं म्हणू नये. दीड लाख माझ्याकडे आहेत, दोन वर्षं त्यासाठीच साठवलेत. मला तुमच्याकडून हवंय ते वेगळं. सौदा ठरला की मी वाद्य कारागिरांकडे देणार आहे आणि घोडी बसवण्याच्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर तिथे असावं असं मला वाटतं. तुमचा कान मला हवाय. तार थोडी खाली, थोडी वर असं ते करून दाखवतील, तेव्हा पेटी कधी मोकळी बोलते आणि कधी दबते हे मला एकटीला ओळखता येईल असं वाटत नाही. मी वाजवत असते तेव्हा मला बोटांखालचा आवाज ऐकू येतो, समोरून कसा ऐकू येतो ते समोर बसलेल्यालाच कळतं.

कोयना एक्सप्रेसने आलात तर दुपारी पुण्यात पोचाल, स्टेशनवर मी येईनच. आई, तूही ये, आठवडाभर राहायच्या तयारीने. आणि येताना त्या जुन्या जाड गोधड्यांपैकी एक आणशील? वाद्याखाली अंथरायला तीच बरी. कारागिरांची तारीख कळली की फोन करते, मग तिकिटं काढू.

तुमची,
लेक